ज्या रोज्याला मगरीब नाही

रमजानमध्ये मुस्लिम घरांत दोन कामे सोबत चालतात. दिवसा रोजा आणि रात्री तरावीहची नमाज आटोपली की वही काढून हिशेब. वर्षभर आपल्याकडे टिकून राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून काढायचा असतो. सोने किती, रोकड किती, दुकानातला माल किती आणि लोकांचे देणे किती, हे सगळे मांडावे लागते. वर्ष उलटले की वही पुन्हा उघडावी लागते. ‘गेल्या वर्षी दिली होती’ हे उत्तर यंदा चालत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजाऱ्यांना रोजा ठाऊक असतो, शिरखुर्मा तर असतोच. या वहीची ओळख मात्र थोडी कमी असते. ती आज करून दिली, कारण मला ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे तिचा असा वार्षिक हिशेब कुणीच मांडत नाही. ती गोष्ट म्हणजे परक्या मुलखात वर्षानुवर्षे चालणारे युद्ध.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाला तीन वर्षे पूर्ण झाली. २०२२ मध्ये ते आपल्याकडे थेट कढईत येऊन पोहोचले होते. सूर्यफूल तेलाचे भाव कडाडले आणि इफ्तारची भजी तळणाऱ्यालाही युक्रेन कुठे आहे ते कळले. पुढे युद्ध लांबत गेले, बातमी आतल्या पानावर गेली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, की रशियन सैन्यात दाखल झालेल्या १२६ भारतीयांपैकी तोवर १२ जण मारले गेले होते आणि १६ बेपत्ता होते. त्यांतल्या अनेकांना एजंटांनी दुसऱ्याच नोकरीचे सांगून नेले होते. कुठली सरहद्द कुठे असावी, याविषयी या पोरांचे काय मत होते? त्यांना पगार हवा होता, इतकेच.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी हिंदी फौज बसऱ्याला उतरवली. इराणमधल्या आबादानचा तेलाचा कारखाना आणि नळवाहिनी त्यांना सांभाळायची होती. बसरा हाती आले, तेव्हा काम झाले होते. पण सोपे विजय माणसाला पुढे ओढतात. नदीकाठाने आणखी थोडे वर, आणखी थोडे वर, असे करत फौज बगदादच्या वाटेला लागली. या फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. पावसाच्या भरवशावरची शेती, घरात खाणारी तोंडे जास्त आणि दरमहा मनीऑर्डर येईल ही आशा. देशावरची आणि कोकणातली पोरे यासाठी पलटणीत गेली. मेसोपोटेमिया हा शब्द त्यांच्या घरच्यांना धड उच्चारताही येत नसेल.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदाद अगदी जवळ आले असताना सलमान पाक इथे तुर्कांशी मोठी लढाई झाली. पैगंबरसाहेबांचे सहकारी हजरत सलमान फारसी यांची कबर तिथे आहे. मदिनेवर शत्रू चालून आला तेव्हा गावाभोवती खंदक खोदा, असा सल्ला देणारे हेच. त्यांच्या कबरीच्या आसपास हिंदी मुसलमान शिपाई तुर्की मुसलमानांवर गोळ्या झाडत होते. पुणे डिव्हिजनचे चार हजारांहून जास्त लोक तिथे मेले किंवा जखमी झाले. फौज मागे फिरली आणि तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत नावाच्या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठला नाही.

त्या वेढ्यातली भूक रमजानच्या पानावर सांगण्यासारखी आहे. पीठ कमी पडू लागले. धान्य होते तर दळायला जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. पुढे धान्यही विमानातूनच टाकावे लागले, पण ते कुणाला पुरणार? शेवटी घोडे आणि खेचरे कापायची वेळ आली. हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडच्या बहुतेक शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवावी लागली आणि ती बिनतारी संदेशाने कूतला पोहोचली. तरी कित्येकांनी शेवटच्या दिवसांपर्यंत तोंड लावले नाही. गावी जाऊन बिरादरीला काय सांगायचे, ही चिंता उपाशी पोटीही सुटली नव्हती.

आम्ही महिनाभर उपाशी राहतो, म्हणून भूक आम्हाला कळते, असे रमजानमध्ये अनेकदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आमच्या उपवासाची सहर ठरलेली, मगरीब ठरलेली. वेळापत्रक छापून घराघरांत वाटलेले असते. आजाऱ्याला सूट आहे, प्रवाशाला आहे, गरोदर बाईला आहे. लहान मुलांवर रोजा नाहीच. वेढ्यातल्या भुकेत यांतली एकही सूट नसते. कूतमध्ये शिपायांबरोबर गावचे हजारो अरब रहिवासीही अडकले होते, त्यांची बायकापोरे होती. त्यांचा उपवास कधी सुटणार हे कुणालाच माहीत नव्हते. ज्या रोज्याला मगरीब नाही, त्याला इबादत म्हणत नाहीत. ती उपासमार असते.

आता हिशेब पाहा. कूतमध्ये अडकलेल्या सुमारे १३ हजारांना सोडवण्यासाठी खालून मदतीची फौज पाठवली गेली. पहिला हल्ला फसला, म्हणून दुसरा केला. दुसऱ्यात माणसे गेली, म्हणून तिसरा. या प्रयत्नांत सुमारे २३ हजार लोक मेले वा जखमी झाले. १३ हजार वाचवायला २३ हजार, आणि १३ हजार वाचलेही नाहीत. शेवटी माणसे सोडा म्हणून तुर्कांना आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले. त्यांनी नाकारले. म्हणजे पैसा होता. महिना ११ रुपयांच्या शिपायाची किंमत सगळे वाया गेल्यावर ठरली.

लांबलेल्या युद्धाचा खरा रोग इथे दिसतो. ‘आतापर्यंत गेलेल्यांचे बलिदान वाया जाऊ नये’ असे म्हणून पुढची माणसे पाठवली जातात. ऐकायला हे वाक्य निष्ठेचे वाटते. पण कालची प्रेते दाखवून उद्याची मागणारे हे वाक्य आहे. बुडीत धंद्यात आणखी पैसे ओतणाऱ्याला आपल्या लक्ष्मीपुरीतला कुठलाही व्यापारी शहाणा म्हणणार नाही. पैशाच्या जागी माणसे आली, की मात्र आपण त्यालाच शौर्य म्हणतो.

शरणागतीनंतरची कथा आणखी कडू आहे. मोठ्या अधिकाऱ्यांना बोटीने नेले. साध्या शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून पायी हाकले. त्या वर्षीचा रमजान जुलैत आला, तेव्हा हे कैदी वाळवंटाच्या वाटेवर किंवा तुर्कांच्या छावण्यांत होते. हजारो जण भुकेने, तहानेने, हगवणीने गेले. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला आणि कैदेत असतानाच त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. लंडनमध्ये चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. तिथल्या घरांत कुणाचा राजीनामा पोहोचला नाही.

बसऱ्याला या मोहिमेतल्या मृतांचे मोठे स्मारक आहे. चाळीस हजारांहून जास्त मृतांचे. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षे उशिरा का होईना, मागितली हे बरे झाले. पण ज्या आईचा मुलगा एका आकड्यात मिसळला, ती कधीच मातीआड झाली होती.

कुणी विचारील, मग युद्ध करूच नये काय? असे मी म्हणत नाही. रमजानचा आणि युद्धाचा संबंध इस्लामच्या इतिहासातही आहे. बदरची लढाई रमजानातच झाली. ती एका दिवसात संपली. मक्का ताब्यात आली तीही रमजानात, जवळजवळ रक्त न सांडता, आणि वर्षानुवर्षे छळणाऱ्यांना त्या दिवशी माफी मिळाली. त्याच्या दोन वर्षे आधी हुदैबियाला पैगंबरसाहेबांनी असा तह स्वीकारला होता, की त्यांच्या सोबत्यांनाच तो अपमानास्पद वाटला. उमराहसाठी निघालेले लोक मक्केच्या दारातून परत फिरले. लढाईची हिंमत असूनही थांबता येते, हे त्या तहाने शिकवले.

हिटलरविरुद्धचे युद्ध टाळता आले असते, असे मला वाटत नाही. त्या युद्धात रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकवायलाच हवी. पण न्याय्य युद्धाचा विजयसुद्धा सगळ्यांना घर परत देत नाही, हे कोल्हापूरइतके जवळून फार थोड्या गावांनी पाहिले असेल. १९४३ पासून आपल्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. बायका आणि मुलेच जास्त. स्टॅलिनने त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे पाठवले होते. तिथून सुटून ते इराणमार्गे इथवर आले. युद्ध संपले तेव्हा ते जिंकणाऱ्या बाजूचे होते. तरी त्यांच्यातल्या बहुतेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीत सिंधमधून उखडलेली माणसे आली. आज आपण गांधीनगरला लग्नाचा बस्ता काढायला जातो, तो बाजार या दोन उखडलेल्या समाजांच्या जागेवर उभा आहे.

स्वतंत्र भारतानेही हा धडा किंमत मोजून घेतला. जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांतता राखायला गेलेल्या जवानांना युद्ध लढावे लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गमावले होते. श्रीलंकेतले युद्ध त्यानंतरही २००९ पर्यंत चालू राहिले. जवान कुठे कमी पडले नाहीत. त्यांना काय साधायला पाठवले आहे, हेच दिल्लीत स्पष्ट नव्हते.

म्हणून २००३ ची आठवण महत्त्वाची वाटते. अमेरिकेने इराकमध्ये युद्ध छेडले, तेव्हा ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव करून त्याची निंदा केली. पुढे अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले. १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला. मुलूख तोच, नदी तीच. १९१४ मध्ये आपल्याला कुणी विचारले नव्हते. २००३ मध्ये विचारले गेले आणि आपण नाही म्हणू शकलो. मराठा पलटणींतली किती घरे त्या एका ‘नाही’मुळे वाचली असतील, याचे कुठे स्मारक नाही. असावे, असे मला वाटते.

हे सारे इतरांना सांगताना आमच्या घरातही पाहिले पाहिजे. इराण आणि इराक, दोन्ही मुस्लिम देश, १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे लढले. लाखो माणसे गेली आणि सरहद्द होती तिथेच राहिली. सुदानमधले युद्ध एप्रिल २०२३ मध्ये रमजानच्या शेवटच्या टप्प्यात सुरू झाले. रोजेदारांनी रोजेदारांवर बंदुका रोखल्या. तिथल्या झमझम छावणीत २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. गाझासाठी दुआ करताना आमचे हात आपोआप उठतात, ते उठलेच पाहिजेत. सुदानसाठीही तसेच उठले, तरच त्या दुआला वजन येईल.

मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर बसून ‘घुसायला पाहिजे, संपवून टाकायला पाहिजे’ असे म्हणणे सोपे असते. तसे म्हणणाऱ्याला, आणि दिल्लीत बसून ठरवणाऱ्यालाही, विचारायचे प्रश्न साधे आहेत. काय मिळाले म्हणजे थांबायचे, हे ठरले आहे का? वर्ष उलटल्यावर पुन्हा हिशेब मांडणार का? आणि जाणारा मुलगा कुणाचा?

ईदच्या नमाजाआधी आम्हाला फित्रा द्यावा लागतो. तो घरातल्या माणसागणिक काढतात. म्हातारी आजी, कमावता मुलगा, काल जन्मलेले बाळ, सगळ्यांचा सारखाच. काढताना घरातला कर्ता बोटे मोडत एकेकाचे नाव घेतो, कुणी सुटू नये म्हणून. युद्धाचा हिशेब मांडायची वेळ आली, तर तो असा नावानिशी मांडावा.