कातड्यास तेल किती पाजावें ?

आमच्या कैलासवासी बंधूंचें एक चामडी जाकीट पुतण्यानें जपून ठेविलें आहे. गेल्या मृगांत तें बाहेर काढलें, तों खांद्यांवर रंग विटलेला आणि कोपरांशीं कातडें कोरडें पडलेलें. "काका, हें पूर्वीसारखें गडद करतां येईल का ?" असें त्यानें विचारलें. आम्हीं वडीलकीच्या तोऱ्यांत अर्धी वाटी खोबरेल त्यावर चोळलें व जाकीट कपाटांत ठेवून दिलें. पण ही भाईंदरची हवा ! उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, भोंवतीं मिठागरें. पंधरवड्यांत जाकिटावर पांढरी बुरशी धरली. पुतण्या कांहीं बोलला नाहीं, हेंच मनास अधिक लागलें.

शेवटीं तें घेऊन स्टेशनाजवळच्या एका वृद्ध चर्मकाराकडे गेलों. त्यानें कोरड्या ब्रशानें बुरशी झाडली, ओलसर फडक्यानें तेल टिपून जाकीट सावलींत वाळविलें व आंतल्या कडेवर पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब जिरून तेथें डाग गडद झाला. "मास्तर, हें कातडें उघडें आहे, तेल पितें. थेंब वर राहिला असता, तर रंगाचा लेप समजायचा. तेथें तेल व्यर्थ."

कोल्हापुरी वहाण बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेली असते. ती तेल पिऊन काळसर होते, हें सर्वांनीं पाहिलें आहे. जाकिटें बहुधा क्रोमच्या क्षारांनीं कमावितात. तीं इतकीं पालटत नाहींत. तेल हा रंग नव्हे. तें तंतूंमधील पोकळी भरतें, उजेड कमी परततो, म्हणून कातडें गडद दिसतें.

तेव्हां रीत अशी. प्रथम कॉलराच्या आंतील बाजूस करून पाहावें. मेणयुक्त मलम किंवा चामड्याचें तेल फडक्यास लावून पातळ हात द्यावा. एक दिवस थांबावें, मगच छटा पारखावी. हवा असल्यास दुसरा हात द्यावा. एकदां गडद झालेलें पुन्हा फिकें करणें जवळजवळ अशक्य, हें विसरूं नये. फार काळें हवें असल्यास चामड्याचा रंग जाणत्याकडूनच द्यवावा. जाकीट उन्हांत वाळवूं नये, प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. रुंद खांद्याच्या हँगरावर वाऱ्यास टांगावें, व पावसाळ्यांत आठवड्यास एकदां पाहावें.

कोल्हापुरी वहाणेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चार चार जिल्ह्यांतील कारागिरांचा तो मान. आपल्या घरांत मुंजींत बटूस अजिन देतों व तें पवित्र मानतों. परंतु कातडें कमावणाऱ्यास मात्र पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर उभें केलें. त्या दिवशीं चर्मकारासमोर स्टुलावर बसून आम्ही विद्यार्थी झालों, तेव्हां हें प्रथम नीट उमगलें.

जाकीट आतां बंधूंच्या अंगावर असे, त्या छटेस आलें आहे. पुतण्या दिवाळीस तें घालून आला. त्याच्याबरोबर ते वृद्ध गृहस्थही फराळास आले होते.