माळ्यावरचा टप

बालमित्रांनो,

गेल्या महिन्यात मी नांदेडला गेले होते. माझी भाची तिथे कॉलेजात शिकते, मैत्रिणींसोबत खोली करून राहते. सकाळी बघते तर काय, बाईसाहेब दात घासताहेत आणि नळ आपला भळाभळा चालूच! कॉटखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा हा ढीग!

"अगं, नळ बंद कर की!"

"मावशी, हे काय लातूर आहे का? इथं गोदावरी आहे!"

मला २०१६ चा उन्हाळा आठवला. तेव्हा ती आमच्याकडे लातूरला शिकायला होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं. एप्रिलमध्ये मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून, रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर पाणी! तेव्हा हीच पोरगी टपात उभी राहून अंघोळ करायची आणि तेच पाणी संडासाला वापरायची. मग त्याच वर्षी भरपूर पाऊस झाला, धरण भरलं, आणि टप गेला माळ्यावर.

मी एवढंच विचारलं, "आपला टप आठवतो का गं?"

तिने गुपचूप नळ बंद केला, मग घेतला. दुपारी कॉलेजला निघाली तेव्हा पिशवीत घरून आणलेली स्टीलची बाटली होती.

आणि खरं सांगू? टप माळ्यावर मीच टाकला होता. घरी आल्याबरोबर खाली काढला.

मुलांनो, टंचाईत सगळेच जपून वापरतात. धरण भरलेलं असताना जपतो, तो खरा शहाणा. तुमच्या माळ्यावर काय पडलंय, आईला विचारा बरं!

तुमच्या,
बाई