वेग धनिकांचा, भार खजिन्यावर
सेसना कंपनीच्या ‘सायटेशन टेन’ या खासगी जेट विमानाला अमेरिकेत १९९६ चे कॉलियर पारितोषिक मिळाले. पंख ३७ अंश मागे कललेले, वेग ध्वनीच्या ९२ टक्के! अभियंत्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो ते कुणाच्या चाकरीला जुंपले गेले, हा. शेकडो उतारू नेणारे बोइंग ७४७ सुमारे ८५ टक्क्यांवर समाधान मानते, कारण ध्वनिवेगाजवळ हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि इंधन उधळावे लागते. येथे ती उधळण जेमतेम आठ-दहा धनिकांची काही मिनिटे वाचविण्यासाठी! तीही केवळ त्यांच्या खिशातून नव्हे. २०१७ च्या अमेरिकी करकायद्याने व्यवसायासाठी घेतलेल्या विमानाची, अगदी जुन्याचीसुद्धा, संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करू दिली. स्वतःच्या मोटारीने कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला पेट्रोलचा खर्च मात्र वजा करता येत नाही.