‘पास’ लिहिलं म्हणजे तपासलं असं नाही

रात्री अकरा वाजता सर्व्हरवर एकेक कमांड चालवायची, स्क्रीनशॉट काढायचा, एक्सेलच्या रकान्यात ‘पास’ लिहायचं. धुळे-जळगावकडची कितीतरी इंजिनिअर पोरं पुण्यात हेच करतात आणि त्याला टेस्टिंग म्हणतात. मी सोनगीरचा, याच धंद्यातला. माझं म्हणणं सरळ आहे: हे काम माणसाकडून करून घेणं ही लूट आहे. पगार मिळतो, पण तीन वर्षांनी मुलाखतीत सांगायला काही उरत नाही.

हे काम शेल स्क्रिप्टचं आहे. बॅश १९८९ पासून आहे, फुकट आहे, बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आधीच बसलेलं आहे. पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट सगळ्या टेस्ट चालवते, क्रॉन तिला रात्री दोनला उठवतो, निकाल तारीख-वेळेसह लॉगमध्ये जातो. यावर मॅनेजर लोकांचं ठरलेलं उत्तर: ‘स्क्रिप्ट जुनाट दिसते, क्लायंटला डॅशबोर्ड दाखवायचाय.’

दाखवायचाय! सगळा रोग या एका शब्दात आहे. कारण दाखवण्यासाठी लिहिलेली स्क्रिप्टसुद्धा खोटंच बोलते. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा देते: शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. आता टेस्टचं आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडकडे पाठवून लॉग लिहिला, तर बॅश आकडा शेवटच्या कमांडचा धरतं, म्हणजे ‘टी’चा. टेस्ट आपटली तरी हाती शून्य, डॅशबोर्ड हिरवागार. उपाय एका ओळीचा आहे, ‘पाइपफेल’ चालू करणं. ती ओळ किती स्क्रिप्टमध्ये आहे, आपापल्या टीममध्ये बघा. आणि क्रॉन चाललाच नाही तर? कालचा हिरवा लॉग आजही तसाच दिसतो. म्हणून आजचा लॉग नसणं हेही ‘फेल’च धरलं पाहिजे.

आमचं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. हंडा गळतो का, हे पाणी भरूनच कळतं. चकाकी बघून कुणी सांगत नाही.

लॉग लिहून कुणी वाचत नसेल तर काय होतं, हे अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलने दाखवलंय. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांचा नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर गेला होता. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने चुकीचा इशारा देणारे ९७ ईमेल धाडले. कुणी लक्ष दिलं नाही. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

‘स्क्रिप्ट आली की टेस्टरची नोकरी जाते,’ असं मित्र म्हणतात. भीती खोटी नाही. पण जे काम पन्नास ओळी करू शकतात, त्याच्या भरवशावर नोकरी किती दिवस टिकणार? स्क्रिप्ट सांगितलेलंच तपासते. अर्धा अर्ज भरून नेटवर्क गेलं तर काय, नावात ‘ळ’ आला तर काय, हे प्रश्न माणसालाच सुचतात. ते सुचायला रात्रीची झोप लागते.

तेव्हा उद्या ऑफिसात जाऊन एक करा. एक टेस्ट मुद्दाम फेल होईल अशी लिहा आणि रात्री चालू द्या. सकाळी डॅशबोर्ड तरीही हिरवाच असेल, तर तो स्क्रीनशॉट आधी मॅनेजरला पाठवा.