तळ्यात-मळ्यात कोण आणि रांगेत कोण?

६ नोव्हेंबर २०२४ ची दुपार. गोदीत जेवणाची सुट्टी. पोलादी कॉइलींच्या सावलीत टोळीतले आम्ही सात-आठ जण डबे सोडून बसलो होतो. एकाच्या मोबाईलवर अमेरिकेचा नकाशा. लाल, निळा, जास्ती लाल. टायवाला माणूस घसा फोडून सांगत होता की सात राज्यांनी निकाल लावला, आणि त्या सात राज्यांतही मोजक्या काउंट्यांनी. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "राज्यं पन्नास ना रे? मग बाकीची त्रेचाळीस काय गवत उपटत होती?"

म्हाताऱ्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी दहावी पास माणूस. इंग्रजी अडखळत वाचतो. पण माल मोजून मोजून आकड्यांतली लबाडी ओळखता येते.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याचं धाकटं भावंड. अशा तीन हजारांवर आहेत. राष्ट्राध्यक्षाला तिथं जनता थेट निवडत नाही, ५३८ इलेक्टर निवडतात. २७० मिळाले की गादी. अठ्ठेचाळीस राज्यांत नियम असा, की एका मताने जरी पुढे गेलात तरी राज्याचे सगळे इलेक्टर तुमचे. मग जिथला निकाल आधीच ठरलेला, तिथं कोण कशाला झक मारायला जाईल? पैसा, विमानं, भाषणं सगळी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना, नेवाडा ह्या सातांत. वायोमिंगमध्ये दोन लाखांहून कमी माणसांमागे एक इलेक्टर, कॅलिफोर्नियात सात लाखांहून जास्त माणसांमागे एक. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत 'एक माणूस, एक मत, एक मूल्य' हे सांगितलं होतं. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या ह्या महासत्तेला ते अजून जमलेलं नाही.

आणि ही रचना आभाळातून पडलेली नाही. १७८७ साली घटना लिहिताना गुलामांच्या मालकांनी हट्ट धरला की लोकसंख्या मोजताना आमचे गुलाम धरा. सौदा ठरला, एक गुलाम म्हणजे माणसाचे पाचातले तीन भाग. ज्याला मत नाही, नाव नाही, ज्याची पाठ चाबकाने सोललेली, त्याचे तीन भाग मालकाच्या पारड्यात. त्यावर मालकाला खासदार जास्त, त्यावर इलेक्टर जास्त. गुलामगिरी कायद्याने गेली, पाचातले तीनही गेले. यंत्र तेच आहे.

आता ह्या तळ्यात-मळ्यात काउंट्या बघा. २०६ काउंट्या अशा की २००८ आणि २०१२ ला ओबामा, २०१६ ला ट्रम्प. पेनसिल्व्हेनियातली ईरी त्यातलीच. तळ्याकाठचं कारखान्यांचं गाव, रेल्वेची इंजिनं तिथं बनतात. २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडन, २०२४ ला परत ट्रम्प. तिथल्या गोऱ्या कामगाराच्या मनात काय चाललंय हे विचारायला पत्रकारांचे तांडे जातात. हॉटेलात त्याच्यासमोर बसतात, त्याचा राग टिपून घेतात. कामगार म्हणून मला त्याचा राग समजतो. कारखाना आटला की घर कसं आटतं हे गिरणगावच्या नातवाला शिकवू नका. पण माझा सवाल दुसराच आहे. जो उडी मारतो त्याचा एवढा मान, आणि जो घरातून बाहेरच पडला नाही, किंवा ज्याला पडू दिलं नाही, त्याची नोंद कुठल्या वहीत?

२०१६ घ्या. हिलरी क्लिंटनला देशभरात साडेअठ्ठावीस लाखांहून जास्त मतं जादा पडली, तरी ती हरली. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ह्या तीन राज्यांतला फरक मिळून ७७,७४४. त्यातलं मिशिगन गेलं १०,७०४ मतांनी. आणि मिशिगनच्या वेन काउंटीत, म्हणजे काळ्यांच्या डेट्रॉइटमध्ये आणि आसपास, ओबामाला २०१२ साली मिळालेल्या मतांपेक्षा तिला सुमारे ७६ हजार मतं कमी. विस्कॉन्सिन गेलं २२,७४८ ने. मिलवॉकी शहरात मतदान आधीपेक्षा ४१ हजारांच्या आसपास खाली. सगळ्या देशात २०१२ साली शंभर काळ्या मतदारांतले सहासष्ट केंद्रावर गेले होते, २०१६ ला साठही नाहीत. आता बोला, निकाल उडी मारणाऱ्याने लावला की न आलेल्याने? दोघांनी. पण पेपरात फोटो एकाचाच.

का नाही आले? आळशी म्हणणाऱ्याचं थोबाड मला बघायचंय. विस्कॉन्सिनने ओळखपत्राचा कायदा आणला होता. मिलवॉकी आणि डेन ह्या दोन काउंट्यांत मिळून सतरा हजारांच्या आसपास मतदार ह्या कायद्याने अडले, असा अंदाज विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ ला मांडला. शिवाय नाराजी होती. डेट्रॉइटची घरं बँकांनी ओढून नेली होती, आठ वर्षं आपला माणूस गादीवर बसूनही गल्ली तशीच. आणि ज्या पक्षाला ह्यांची मतं जातात तो पक्ष ह्यांना धरून चालतो. हक्काची मतं! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण तो आपल्याही वस्तीत पाच वर्षांनी एकदा गाडीतून उतरतो.

२०२४ ला वेन काउंटीत हॅरिसला बायडनपेक्षा साठ हजारांच्या आसपास मतं कमी पडली. तिथल्या डिअरबॉर्न शहरात अरब वस्ती. गाझावर पडणाऱ्या बॉम्बचा हिशेब त्यांनी मतपेटीत मागितला. ते चुकले असं म्हणायची माझी जीभ वळत नाही. त्यांनी हिशेब मागितला आणि गादीवर जो आला तो बॉम्ब थांबवायला निवडून आला नव्हता, दोन्ही खरं.

आमचा एक कवी मित्र म्हणतो, मत न देणं हेच माझं मत. टाळ्या पडतात. मी त्याला एवढंच विचारतो, तू घरी बसावंस म्हणून ते एवढा घाम का गाळतात? १८४५ च्या कायद्याने तिथं मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी, देशभर सुट्टी नाही. एप्रिल २०२० मध्ये, ऐन करोनात, मिलवॉकीत १८० केंद्रांची पाच केली. पाच! मास्क लावून माणसं तासन्‌तास रस्त्यावर. २०१६ ला काळ्या वस्त्यांत रांगेतला वेळ गोऱ्या वस्त्यांपेक्षा २९ टक्के जास्त होता, मोबाईलच्या नोंदींवरून अभ्यासकांनी मोजलंय. आणि २०२१ साली जॉर्जियाने कायदा केला की केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणं गुन्हा. पाणी, दोस्तांनो. चवदार तळ्याच्या पोरांना मी ह्यावर काय वेगळं सांगू?

पण मलाही बोलायचा फार अधिकार नाही. त्या दुपारनंतर दोनच आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला, आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं. कायद्याने पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, बोट लागलीय, नाही आलास तर खाडा. मी गेलो. सुटलो तेव्हा सहा वाजून गेले होते, केंद्राचं दार बंद. बोटाला शाई नाही, गोदीतलं ग्रीस. अमेरिकेतल्या न आलेल्यांचे आकडे वाचताना त्यात माझाही एक दिसतो. मी निषेध केला नव्हता. रोज वाचवला होता.

आणि आलात तरी पुढचं बघा. २०२० साली मतदान शंभराहून जास्त वर्षांत झालं नव्हतं एवढं झालं. ट्रम्प हरला. डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया शहरांत त्याची टक्केवारी २०१६ पेक्षा उलट वाढली होती, त्याला पाडलं गोऱ्या उपनगरांनी. पण चोर कोण ठरलं? काळी शहरं. १७ नोव्हेंबरला वेन काउंटीच्या निकालावर शिक्का मारायला दोघा सदस्यांनी आधी नकार दिला, त्यातली एक तर म्हणाली, डेट्रॉइट सोडून बाकीच्यांचा मंजूर करू! सोवळं-ओवळं ह्याहून वेगळं असतं का? लोक खवळले तेव्हा रात्री शिक्का बसला. विस्कॉन्सिनात तीस लाख डॉलर भरून फेरमोजणी मागितली, तीही बहात्तर काउंट्यांतल्या फक्त मिलवॉकी आणि डेन ह्या दोनांची. मोजून झाली तर बायडनची आघाडी ८७ मतांनी वाढली.

कवी मित्र म्हणतो, मग करायचं काय, हक्काची मतं होऊन राहायचं? त्याला मी अलाबामातली लाउंडेस काउंटी सांगतो. ती कधी तळ्यात-मळ्यात नव्हती. शंभरात ऐंशी माणसं काळी आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत काळं नाव एकही नाही. मतदार हक्काचा कायदा त्याच साली झाला, लोक नावं नोंदवू लागले. नोंदवणाऱ्याला मालकाने जमिनीवरून हाकललं. ती कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला तंबूत राहिली, रात्री तंबूंवर गोळ्या. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह तेव्हा पांढरा कोंबडा, त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. ह्या लोकांनी कोंबड्याला मत द्यायला नकार दिला आणि घरी बसायलाही नकार दिला. स्वतःचा पक्ष काढला. न वाचता येणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं, त्यांनी घेतला काळा बिबळ्या. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या पोरांनी तो आपल्या पक्षाच्या नावात घेतला, १९७२ साली तो मुंबईत आला. आपण पँथर म्हणून छाती फुगवतो, तो आधी मतपत्रिकेवरचा शिक्का होता.

"पण हरलेच ना ते?" मित्र म्हणतो.

८ नोव्हेंबर १९६६ ला हरले, एकही जागा नाही. १९७० साली त्यांच्यातलाच जॉन ह्यूलेट त्या काउंटीचा शेरीफ झाला.