आधी जंतू जपा

एका वाचक डॉक्टरांचे पत्र समोर आहे. नवजात अतिदक्षता कक्षात तीन आठवड्यांत पाच बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनिई. पाचही कार्बापेनेमला न जुमानणारे, पाचही एनडीएम पॉझिटिव्ह. उगम एकच आहे का, हे ठरवण्यासाठी त्यांनी जीनोम सिक्वेन्सिंगचा प्रस्ताव पाठवला. फाईल शेरा घेऊन परत आली : ‘खर्च कोणत्या रुग्णाच्या नावे? लेखाशीर्ष कोणते?’ टायपिंग एका रुग्णासाठी नसतेच. ते उद्या त्या कक्षात येणाऱ्या बाळासाठी असते. मंजुरी मिळाली तोवर प्लेटा ऑटोक्लेव्ह होऊन गेल्या होत्या. आता मंजुरी आहे, जंतू नाही.

केवळ एनडीएमच्या पीसीआरवर ‘एकच स्ट्रेन’ असा निष्कर्ष काढणारे अहवाल आजही लिहिले जातात. हे थांबले पाहिजे. हे जनुक प्लास्मिडवर स्वार होऊन एसटी १४ मध्ये सापडते, एसटी १४७ मध्येही, आणि ई. कोलायमध्येही. अँटिबायोग्राम जुळला म्हणजे क्लोन जुळला असे नव्हे. क्लोन पसरत असेल तर हात, सिंक, उपकरणे तपासायची. प्लास्मिड फिरत असेल तर शोध एका प्रजातीपाशी थांबवून चालत नाही.

२०११ साली अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये केपीसी क्लेब्सिएला १८ रुग्णांत पसरला. ११ दगावले, त्यांपैकी ६ या संसर्गाने. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला. संबंध नसावा असेच वाटत होते. जीनोमने धागा जुळवला. स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवरही तोच स्ट्रेन निघाला. हे कळले, कारण आयसोलेट हाताशी होते.

प्रशासनाकडे आमची मागणी एकच : संसर्ग नियंत्रण समितीला टायपिंगसाठी स्वतंत्र तरतूद द्या आणि ती खर्च करण्याचा अधिकारही द्या. प्रत्येक वेळी फाईल फिरवू नका.

पण क्रायोव्हायल भरायला कुणाची मंजुरी लागते? डीप फ्रीझरमध्ये मुदत संपलेल्या किटांचे खोके आणि आयसोलेटला जागा नाही, हे चित्र आपल्याच प्रयोगशाळांतले आहे. रक्त आणि सीएसएफमधला प्रत्येक कार्बापेनेम-प्रतिरोधक जंतू शुद्ध करून २० टक्के ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये, उणे ७० अंशांखाली, दोन व्हायलमध्ये ठेवा. रजिस्टरमध्ये तारीख, वॉर्ड, खाट लिहा. सिक्वेन्सिंग महिन्याने करता येते. टाकून दिलेला जंतू परत मिळत नाही. आजच्या प्लेटांपासून सुरुवात करा.