न बसणारा साचा कोणाच्या दप्तरी?

पोलादी तारांचा जाच टाळून पारदर्शक प्लास्टिकचे साचे एकामागून एक बदलीत जावे आणि चारचौघांच्या ध्यानातही न येता दातांची रांग सरळ व्हावी, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. उपचाराच्या अखेरीस लवचिक साच्याने दात किंचित सरकविता येतात हे केसलिंग या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ सालीच मांडले होते, आणि १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने त्या कल्पनेला संगणकाची जोड दिल्यापासून तिचा व्यापार जगभर पसरला. आज आपल्याकडेही मासिक हप्त्यांवर अलाइनर देऊ करणाऱ्या जाहिराती पदोपदी भेटतात. त्यांतील हसऱ्या चेहऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या जाहिरातींत कधीच न आढळणाऱ्या एका प्रसंगाविषयी, म्हणजे साचा दातांवर नीट न बसण्याविषयी.

प्रसंग दिसावयास क्षुल्लक असतो. नवा साचा चढविल्यावर आरशासमोर उजेडात ओठ वर करून पाहिले, की पुढच्या दोन दातांशेजारच्या एखाद्या बारीक दाताच्या टोकाखाली प्लास्टिकमध्ये रिकामी फट दिसते. बोटाने दाबावे तर साचा खाली बसतो आणि बोट काढताच पुन्हा उचलला जातो. रुग्ण मनाची समजूत घालतो की अजून दोन दिवस लावला म्हणजे बसेल. नवा जोडा चावला तरी वापराने सैल होतो हा आपला नेहमीचा अनुभव असला, तरी येथे तो उपयोगी पडत नाही, कारण येथे जोड्याने नव्हे, पायानेच आकार बदलावयाचा असतो. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर हलविण्यासाठी घडविलेला असतो, आणि तेवढ्यासाठीही एका बाजूचे हाड विरघळून दुसऱ्या बाजूस नवे घडावे लागते. हे काम शरीर आपल्या गतीने करते. साचे मात्र ठरलेल्या तारखांना बदलीत जातात, आणि मागे राहिलेला दात प्रत्येक नव्या साच्यागणिक अधिकच मागे पडतो.

असे का होते, याची कारणे अनेक आहेत. दिवसातून वीस-बावीस तास लावावयाचा साचा चहा-जेवणाच्या निमित्ताने काढला तो डबीतच राहिला; कढत पाण्याने धुतला आणि वाकडा झाला; पकड मिळावी म्हणून दातावर चिकटविलेला दाताच्याच रंगाचा बारीक उंचवटा निखळला; दोन दातांमध्ये घासून करावयाची जागा पुरेशी झाली नाही. परंतु रुग्णाने सारे पथ्य पाळले तरी संगणकाचे भाकीत खरे ठरेलच असे नाही. पुढच्या दातांवर केलेल्या एका अभ्यासात २००९ साली असे आढळले की नियोजित हालचालींपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरल्या; त्याचाच पाठपुरावा करणाऱ्या २०२० च्या अभ्यासात हा आकडा ५० टक्क्यांवर आला. गोलसर दात स्वतःभोवती फिरविणे प्लास्टिकला विशेष जड जाते. तेव्हा साचा न बसणे हा अपवाद मानण्याचे कारण नाही. तो या उपचाराचाच एक अपेक्षित टप्पा आहे, आणि त्याची तजवीज ज्या योजनेत नाही ती योजना अपुरी होय.

तजवीज म्हणजे तरी काय? आरंभी मऊ नळकांडी चावून साचा बसतो का ते पाहतात. न बसल्यास तोच साचा आणखी काही दिवस ठेवतात, किंवा मागच्या साच्यावर परततात (म्हणूनच जुने साचे कचऱ्यात टाकू नयेत). तेवढ्यानेही न भागल्यास तोंडाचे नवे स्कॅन घेऊन पुढची मालिका नव्याने बनवितात. यांपैकी कोणता मार्ग धरावयाचा हे हिरड्या, हाड आणि दातांची पकड स्वतः पाहिलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टनेच ठरवावे. मोबाइलवर पाठविलेल्या छायाचित्रावरून आलेला ‘पुढचा साचा लावा’ हा हुकूम मला बेजबाबदार वाटतो.

या व्यवहाराचा दाखला अमेरिकेतच घडला. टपालाने दातांचे ठसे मागवून घरपोच साचे पाठविणारी, नॅशव्हिल येथील स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१९ साली भांडवल बाजारात मोठ्या थाटाने उतरली आणि २०२३ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. डिसेंबरात तिने कारभार गुंडाळला, तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना आपापल्या दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले, आजन्म हमी रद्द झाली, हप्ते मात्र भरीत राहावे अशी अपेक्षा कायम राहिली. ज्यांचा साचा त्या आठवड्यात बसत नव्हता त्यांनी दाद कोणाकडे मागावी?

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते, हे खरे. पण आयोगाचा निवाडा दात मागे सरकवीत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे: एक्स-रे पाहून योजना मंजूर करणारा डॉक्टर कोण, त्याचा नोंदणी क्रमांक काय, साचा न बसल्यास किती दिवसांत तो स्वतः तपासील, आणि दुरुस्तीच्या साच्यांचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे की नाही. शेवटचा हप्ता अखेरच्या तपासणीनंतरच देण्याची अटही घालून पाहावी. दवाखान्याने ती नाकारली, तर नकाराचे कारणही लेखी मागावे.